कड्यांचा गंज आणि माझे उपास

...आणि वरून मलाच विचारतात, "मंदाबाई, असा कसा वं नवस बोलली तू?" आता नवस बोलायला जाताना कोणी वकील घेऊन जातं का सोबत? मी उभी मारोतीच्या ओट्याखाली, खाली म्हणजे अगदी खाली, कारण आमच्याकडे बायांनी मारोतीच्या ओट्यावर पाय ठेवायचा नाही, तेल वाहायचं तर ते भय्याजी पुजाऱ्याच्या हाती द्यायचं आणि आपण दुरून हात जोडायचे, तर तशी दुरूनच हात जोडून मी म्हटलं, "बा मारोती, माह्या दंडात जोर दे, मी जनमभर तुहा शनिवार धरीन, अन्नाले शिवणार नाही." झालं. बोलून गेले. घरी आले, चुलीपुढे बसले, फुंकणी हातात घेतली, आणि तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला, की बाई गं, तू जोर मागितलास आणि बदल्यात जेवण देऊन आलीस!

आणि माझे उपास आधीच काय कमी होते का? तुम्हाला सांगते, सोमवार महादेवाचा, तो माहेरून आणलेला. मंगळवार देवीचा, तो माझ्या लेकीच्या, कुंदाच्या जन्माच्या वेळी बोललेला. गुरुवार दत्ताचा, तो का धरला ते आता मलाही आठवत नाही, पण धरलेला सोडायचा कसा? शुक्रवार संतोषीमातेचा, तो तर त्या वर्षांत घरोघरी शिरला होता, गूळफुटाणे खा, आंबटाला हात लावू नका, आमच्या गावात चिंच झाडावरच वाळून जायची. त्यात आता शनिवार. उरले बुधवार आणि रविवार, तर एकादशी आणि चतुर्थी त्यांनाच शोधत यायच्या. कुंदाचे बाबा सकाळी कामावर जाताना विचारत, "आज जेवणार आहेस का, देवाला विचारून सांग."

तर हा जोर कशाला हवा होता, ते तर राहिलंच सांगायचं. माझं हे असं होतं बघा, नवसाचं सांगते आणि कारण विसरते.

आमची कुंदा सातवीत. गावची शाळा सातवीपर्यंतच. पुढची शाळा सानगडीला, आणि रोज जायला-यायला काही सोय नाही. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, त्यांचं ठरलेलं होतं, की पोट्टी सातवी झाली, आता चार धान्यं निवडायला शिकू दे, साकोलीकडचं एक स्थळ त्यांच्या नजरेत होतं. बोलायच्या गोड, पण बोलायच्या रोज. "सानगडीले कायले जाते वं? तिकडची चूल का येगळी आहे?" आणि दिवाळीनंतर बातमी आली, की सानगडीला एका संस्थेचं मुलींचं वसतिगृह निघतं आहे येत्या जूनपासून, स्वयंपाकीण पाहिजे, राहायला स्वयंपाकघरामागे खोली मिळेल, आणि स्वयंपाकिणीची मुलगी असली तर ती तिथेच राहून शिकेल. मी तर तिथल्या तिथे देव्हाऱ्यापुढे साखर ठेवली. स्वयंपाक मला येतो हो, लग्नाच्या पंगतींचं वरण केलंय मी.

पण तिथल्या अधीक्षिका शकुनबाई. दिसायला काडी, बोलायला हातोडा. त्या म्हणाल्या, "स्वयंपाक सगळ्यांनाच येतो. हे मुलींचं वसतिगृह आहे, माझ्या स्वयंपाकघरात गडीमाणूस पाय ठेवणार नाही, मदतनीस मंजूर नाही. हा गंज भरलेला, चुलीवरून उतरवून त्या पडवीपर्यंत जी बाई एकटी नेईल, तिला नोकरी." आणि दाखवला गंज, म्हणजे पंगतीचं मोठं पातेलं. पितळी, दोन बाजूंना दोन कड्या, आत मी बसले असते तर झाकणही लागलं असतं. परीक्षा उन्हाळ्यात, शाळा उघडायच्या आधी. नियम असे, की दोन्ही हातांनी धरायचा, डोक्यावर घ्यायचा नाही, मध्ये टेकवायचा नाही, सांडायचं नाही.

आता तुम्हीच सांगा, आपण बाया असं काही एकटीनं कधी उचलतो का? पाण्याची गुंडी असो की धानाची टोपली, "ये वं बाई, हात लाव" म्हटलं की कोणीतरी येते, एकदा डोक्यावर चढली की मग कोस कोस चालू. पण जमिनीपासून डोक्यापर्यंत जे अंतर आहे ना, ते आपण जन्मात एकटीनं केलेलं नसतं. मी घरी येऊन भाताचं भांडं उचलून पाहिलं, पाण्यानं भरलेलं. उचललं म्हणजे काय, भांडं जागच्या जागी आणि मीच त्याच्याकडे खाली गेले. आणि त्या दिवशी माझा उपास.

म्हणून तर नवस. आणि नवसातून शनिवार. आणि शनिवारातून हे असं.

मी धावत भय्याजींकडे. ते ओट्यावर मारोतीला शेंदूर लावत होते, मी खालूनच सगळं सांगितलं. ते म्हणाले, "वहिनी, मारोतीले तेल पुरते, तुमचं जेवण घेऊन तो काय करन?" मी म्हटलं, मग परत घेता येईल का? ते म्हणाले, देवाला दिलेला शब्द परत घ्यायचा नसतो. मग बराच वेळ शेंदूर लावत राहिले, लावत राहिले, मारोतीचा गाल पुरा झाला, आणि मग म्हणाले, "पर अन्नाले शिवत नाही म्हणालात ना. फराळाचं माप काही तुम्ही सांगितलं नाही. अन् त्यानंही विचारलं नाही."

अहो, इतका हुशार माणूस, पण गावात त्यांना कोणी सरपंच करत नाही.

तर फराळ. पण फराळ करायचा कशाचा? साबुदाणा रोज परवडतो का? तेव्हा आठवली सखाबाई. सखाबाई आणि तिचा नवरा इतवारी, आमच्या तलावावर मासे धरतात आणि तलावात शिंगाड्याचे वेल लावतात. मी गेले शिंगाडे घ्यायला, तिनं विचारलं एवढे कायले, मी सांगितलं, तर तिनं काय करावं? माझा दंड दोन बोटांत धरला, भेंडी कोवळी आहे का पाहतात ना तसा, आणि इतवारीला हाक मारून म्हणाली, "पाहा जी, याच्यापेक्षा तं आपल्या शिंगाड्याचा येल जाडा." इतवारी भला माणूस, त्यानं मान फिरवली, पण खांदे हलत होते त्याचे.

मग सखाबाई म्हणाली, "नुसतं खाऊन जोर येते का वं? खाल्लं ते हातात उतरलं पायजे. सकाळी येत जा, जाळं ओढाले."

जाळं! मी माळकरी बापाची लेक, घरात अंडं फुटलं नाही कधी, आणि मी मासे ओढू? सखाबाई म्हणाली, "मासे मी धरतो. तू दोर ओढ. दोराले का काटे असतात?" तिचं आणि भय्याजींचं एकमेकांशी बोलणं नाही, पण दोघं विचार अगदी सारखा करतात.

तर तुम्हाला सांगते, हिवाळ्यातली सकाळ, तलावावर वाफ, मोठं जाळं पाण्यात, त्या काठाला इतवारीची माणसं, या काठाला सखाबाई आणि तिच्यामागे मी, लुगड्याचा काष्टा आवळून, डोळे गच्च मिटून, तोंडानं शिवशिव करत दोर ओढते आहे. डोळे का मिटले, तर मासा दिसू नये म्हणून. आणि डोळे मिटलेल्या माणसाला कसं कळणार की बाकीचे थांबले? सगळे थांबले, मी एकटीच ओढते आहे, ओढते आहे, मागे मागे जाते आहे, आणि गेले बेशरमच्या झुडपात. डोळे उघडून पाहते तर पायाशी ही एवढी मरळ, तोंड उघडून माझ्याकडे बघते आहे, जशी काही माझीच वाट पाहत होती. मी तिला हात जोडले. दुसरं काय करणार? आणि त्या दिवशी सोमवार, महादेवाचा उपास.

आणि पुन्हा त्यांच्यात रीत अशी, की ज्यानं दोराला हात लावला त्याचा वाटा निघालाच पाहिजे, नाहीतर पुढच्या वेळी जाळं रिकामं येतं म्हणतात. मला वाटा घेता येईना, सखाबाईला दिल्याशिवाय राहता येईना. ती म्हणे घे, मी म्हणे नको, ती म्हणे तुह्या नोकोनं आमचं पोट बुडवते का? शेवटी ठरलं, माझा वाटा शिंगाड्यात. मग काय, पदरभर शिंगाडे, उकडलेले शिंगाडे, भाजलेले शिंगाडे, उन्हाळ्यात वाळवलेल्या शिंगाड्याचा शिरा, वर शेंगदाणे, वर रताळी, वर दूध. देवाची शपथ, जेवणाच्या दिवशी मी एक भाकर खायची आणि उपासाच्या दिवशी तिघांचं. आत्याबाई कुंदाला म्हणाल्या, "तुही माय असा उपास करून राहिली, म्या तं दिवाळीलेबी इतकं खाल्लं नाही."

आणि मुसळ. ते सांगायचं राहिलं. गावात गिरणी आल्यापासून आमचं मुसळ कोपऱ्यात उभं होतं आणि उखळावर मांजर निजत होती. मी मांजर उठवली. दुपारी सगळं आवरलं की धान घालायचं आणि दणादण कांडायचं, उजव्या हातानं, मग डाव्या हातानं. आत्याबाईंना आधी बरं वाटलं. इतकं बरं वाटलं, की त्या शेजारीपाजारी सांगून आल्या, माझी सून गिरणीचा तांदूळ खात नाही, हातसडीचाच खाते. झालं. दुसऱ्या दिवसापासून बाया आपापली सुपं घेऊन दारात. "मंदाबाई, एवढं आमचंही." गिरणीवाला मला रस्त्यात भेटला, तर नमस्कार न करता निघून गेला.

एवढं करून, तुम्हाला वाटेल, मी पैलवान झाले असेन. कसलं. आरशात पाहिलं तर तीच मी, फक्त चोळीच्या बाह्या आवळायला लागल्या होत्या, त्याही मला वाटलं धुऊन आटल्या. फाल्गुनात एकदा भांडं भरून उचललं, तर उंबऱ्यापर्यंत गेले आणि तिथे हात असे थरथरले, की वरचं पाणी सगळं आत्याबाईंच्या अंथरुणात. त्या काही बोलल्या नाहीत. त्या न बोलल्या की फार बोलतात. त्या संध्याकाळी जेवताना साकोलीचं स्थळ पुन्हा निघालं, मुलाकडचे अक्षय्यतृतीयेच्या आत पाहायला येतो म्हणतात. कुंदा ताटातला भात एका बाजूला सारत बसली, वर बघेना.

मी यांच्याकडे पाहिलं. हे माणूस असं, की वर्षातून एखादं वाक्य मनापासून बोलतात. हात धुतला, पुसला, आणि म्हणाले, "आई, परीक्षेपर्यंत थांब. ही पास झाली तर कुंदा सानगडीले जाईल. नाही झाली तर तू म्हणशील ते."

म्हणजे माझ्या पोरीची आठवी आता माझ्या या दोन दंडांत आली. देवा रे, त्यापेक्षा गणिताचा पेपर दिला असता मी.

मग काय विचारता. जाळं, मुसळ, विहिरीचा दोर. गावातल्या ज्या बाईनं घागर ओढायला घेतली तिच्या हातून मी दोर घ्यायची. "राहू द्या, मी ओढते." बाया आधी आशीर्वाद द्यायच्या, मग घाबरायला लागल्या.

आणि आला परीक्षेचा दिवस. शनिवार! आता मारोतीनं मुद्दाम आणला की शकुनबाईंनी, ते मला माहीत नाही, पण त्या दिवशी माझा उपास. पहाटे शिंगाड्याचा शिरा खाऊन निघाले, बसमध्ये कुंदा माझ्या शेजारी, माझा हात दोन्ही हातांत धरून बसली होती. मी म्हटलं सोड बाई, दाबून त्याचा जोर घालवशील.

तिथे माझ्याआधी एक कलाबाई म्हणून, शहापूरची. काय सांगू तिचं अंग! ती उभी राहिली तर मागची खिडकी दिसेना. गंजात पाणी भरलं होतं काठोकाठ. तिनं तो उचलला, जसा काही पाण्याचा लोटा, आणि निघाली धाडधाड. मी मनात म्हटलं, मंदा, चल, बस पकड. पण ती इतकी जोरात गेली, की गंज डाव्या बाजूला हेलकावला, मग उजव्या, आणि पडवीत पोचली तेव्हा अर्धं पाणी अंगणात. शकुनबाई ओल्या अंगणाकडे पाहत म्हणाल्या, "हे वरण असतं आणि इथे मुली बसल्या असत्या तर?" कलाबाई म्हणाली, मुली उठल्या असत्या.

मग माझं नाव पुकारलं. मी पुढे झाले, मारोतीचं नाव घेतलं, फडक्यानं कड्या धरल्या, आणि सहज म्हणून खुर्च्यांकडे पाहिलं, कोण कोण पंच आहेत ते. आणि मधल्या खुर्चीवर कोण? वासुदेवराव! संस्थेचे अध्यक्ष, हे कळलं होतं की कोणी वासुदेवराव आहेत, पण ते हे वासुदेवराव, कुंदाच्या बाबांचे थोरले चुलतभाऊ, म्हणजे नात्यानं माझे भासरे, हे मला कोणी सांगितलं असतं तर मी आलेच नसते! लग्न झाल्यापासून मी त्यांच्यापुढे उघड्या डोक्यानं गेले नाही, त्यांच्याशी एक अक्षर बोलले नाही, त्यांचा खोकला ऐकू आला की मी दाराआड. आणि आता त्यांच्या डोळ्यांपुढे मला गंज उचलायचा. पदर डोक्यावर होता, ठीक. पण खोचलेला नव्हता. घरी सराव केला तो काष्टा घालून, पदर कंबरेला, सगळं आठवलं होतं मला, पदर सोडून.

उचलला गंज. उचलला गेला हो! माझं मलाच खोटं वाटलं. चार पावलं टाकली, आणखी टाकली, पाणी काठाशी नुसतं लवलवतंय, सांडत नाही, आणि अर्ध्या अंगणात आले असेन, तर उन्हाळ्याचा वारा आला भुर्रकन, आणि पदर निघाला मागे सरकायला. कपाळावरून सरकला. भांगावरून सरकला. आता काय करू? हात दोन्ही गुंतलेले. टेकवला तर नापास. पदर पडू दिला तर भासऱ्यापुढे... छे, ते तर माझ्या विचारातही बसेना. मी काही ठरवलं नाही, खरंच सांगते, माझ्या अंगानंच ठरवलं. गंज आला डाव्या कमरेवर, जशी घागर येते, डावा हात त्याच्याभोवती, आणि उजव्या हातानं पदर ओढला पुढे, नाकापर्यंत, काठ दातांत धरला, आणि मग हात परत कडीला. आणि चालत राहिले. पडवीत गेले. गंज ठेवला. आणि ठेवल्यावर आठवलं, नियम दोन्ही हातांचा.

मी तिथेच पडवीच्या खांबामागे उभी राहिले. कुंदा अंगणाच्या टोकाला उभी होती, तिच्याकडे बघायची हिंमत होईना. एवढे शिंगाडे, एवढं जाळं, आणि शेवटी पोरीची शाळा मी पदरावरून घालवली. रडूही नीट येईना, दातांत काठ होता.

आणि वासुदेवराव खाकरले. आता त्यांचंही अवघड, भावजयीशी भासऱ्यानं थेट बोलायचं नाही. म्हणून ते माझ्याकडे पाठ करून शकुनबाईंना म्हणाले, "त्यांना विचारा, हात का सोडला?"

माझ्यापासून दोन हात अंतरावर उभ्या शकुनबाई मला विचारतात, "हात का सोडला?"

मी शकुनबाईंच्या कानात, "त्यांना सांगा, ते बसले होते म्हणून."

शकुनबाईंनी सांगितलं. वासुदेवराव खांबाकडे न बघता, पण खांबाला ऐकू जाईल असं म्हणाले, "शकुनबाई, दोन हातांचा नियम आपण घातला, कारण एका हातानं हा गंज तोलणारी बाई असेल, असं आपल्याला वाटलं नव्हतं. पाणी सांडलं का?"

शकुनबाई वाकून जमीन पाहून आल्या. कोरडी. मग त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं, पहिल्यांदाच, आणि विचारलं, "बाई, तुम्ही खाता काय?"

मी म्हटलं, "आज तर उपास आहे."

तर अशी लागले मी नोकरीला. जूनमध्ये आम्ही मायलेकी सानगडीला आलो, कुंदा आठवीला बसली, आता दहावीला आहे. आत्याबाई महिन्यातून एकदा येतात, खोलीच्या दारात बसतात, आणि मी कुंदाला साधी ताटं मांडायला सांगितली, तरी म्हणतात, "शिकून राहिली ना पोट्टी, तिले काम नोको सांगू."

आणि इथून पुढे माझी तक्रार. कारण पास झाले हे पंचक्रोशीत पसरलं, आणि तेव्हापासून मला कोणी हात लावत नाही. लग्नात वरणाचा गंज उतरवायचा, "मंदाबाई आहे ना." मुलींच्या ट्रंका बसच्या टपावर चढवायच्या, "मावशी, तुम्हीच." मी म्हणते ये वं बाई, हात लाव, तर ती म्हणते, तुले कायले हात पायजे, तू तं एका हातानं उचलतो. आणि ज्या लेकीसाठी मी हे दंड कमावले, ती पुस्तकातून डोकंही वर न काढता म्हणते, "आई, तू उचल ना, तू पास आहेस."

म्हणून तुम्हाला हात जोडून सांगते, बायांनो, तुमच्याही घरी पोरी आहेत, सातवी होतच आल्या असतील. तुम्हीही बोला नवस. कोणत्याही देवाला बोला, कोणताही वार धरा, शिंगाड्याचं मी सखाबाईला सांगते. वसतिगृहात मुली वाढल्या आहेत, यंदा दुसऱ्या स्वयंपाकिणीची जागा निघते आहे, परीक्षा तीच, पंच तेच, तेवढा पदर खोचून या. आणि खरंच या हो कोणीतरी. गंजाला कड्या दोन असतात.